चाकाचा एक फेरा

धोंडू परबाच्या स्कूटरचा काटा कित्येक वर्षं शून्यावर झोपला होता, आणि त्यावाचून धोंडूचं काही अडलं नव्हतं. वेग त्याला कानांनी कळायचा. तीसला इंजिन घोगऱ्या सुरात गुणगुणायचं. चाळीसच्या पुढे मडगार्ड थरथरायला लागायचं. पन्नास गाठली की हेल्मेटच्या पट्ट्यात वारा शीळ घालायचा, आणि शीळ ऐकली की धोंडूची मूठ आपोआप सैल व्हायची.

स्कूटरवरून तो दात पोचवायचा. अंधेरीतल्या एका डेंटल लॅबचं ते काम होतं. जुहूपासून ओशिवऱ्यापर्यंतच्या दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे उचलायचे, लॅबमध्ये द्यायचे आणि तयार झालेल्या कवळ्या डॉक्टरांकडे नेऊन टाकायच्या. दवाखान्यांतल्या पोरी त्याला दातवाले काका म्हणायच्या. सीटखालच्या डब्यांत कुणाची तरी बत्तिशी कापसात निजलेली आहे, तिला धक्का लागता कामा नये, या विचारानं तो गाडी जपून चालवायचा.

पण कान निघून चालले होते. तरुणपणी तो गिरणीत, साचेखात्यात होता. शेकडो साचे, म्हणजे यंत्रमाग, एकदम धडधडायचे, कानात कापूस घालायचंही कुणाला सुचायचं नाही. साठी ओलांडल्यावर त्या धडधडीनं आपलं येणं वसूल करायला सुरुवात केली. ऐकू येणं ओहोटीच्या पाण्यासारखं गेलं. जाताना कळलं नाही, एक दिवस बघतो तर नुसता चिखल. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी, मग कुकरची शिट्टी. कानाचं मशीन घेतलं होतं, पण हेल्मेट घातलं की ते आतल्या आत केकाटायचं, म्हणून गाडीवर बसताना तो ते काढून खिशात ठेवायचा, आणि हळूहळू घरीही ते खिशातच राहायला लागलं.

खरं सांगायचं तर त्याला हे न ऐकू येणं आवडायला लागलं होतं. लिंक रोडवरच्या रिक्षा, बस, टेम्पो काचेच्या टाकीतल्या माशांसारखे त्याच्या आजूबाजूनं सरकायचे. तोंडं उघडायची, मिटायची. सिग्नलला उभा राहिला की त्याला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुठेतरी मुंबई चालू आहे. असल्या तंद्रीत तो कधी इतका हळू चालायचा की मागे रांग लागायची, आणि कधी इतका जोरात की त्याचं त्यालाच कळायचं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सात बंगल्याजवळ त्याच्यासमोर गतिरोधक आला. धोंडूच्या मते तो रमतगमत चालला होता. स्कूटर चेंडूसारखी उडाली, सीट उघडली, डबा रस्त्यावर आपटला आणि एक गुलाबी कवळी घरंगळत जाऊन एका रिक्षाच्या चाकापुढे थांबली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला. धोंडू पडला नाही, पण गाडी कडेला लावून तो उभा राहिला. चारी बाजूंनी तोंडं उघडत होती, मिटत होती.

फुटपाथच्या कडेच्या दुकानातून एक मुलगी धावत आली. तिनं आधी कवळी उचलली, ओढणीनं पुसली आणि त्याच्या हातात दिली. मग त्याच्या तोंडासमोर उभी राहून काहीतरी विचारलं. धोंडूनं तिच्या ओठांकडे पाहिलं. साचेखात्यात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, सगळे ओठांवरूनच बोलायचे, आणि ती विद्या अजून त्याच्याजवळ होती.

"लागलं नाही," तो म्हणाला. "मी काय जोरात नव्हतो, बाय. वीस-बावीसला असेन."

मुलगी हसली. "काका, पंचेचाळीसला होतात. निदान! मी दारातच उभी होते." मग तिची नजर शून्यावर झोपलेल्या काट्यावर गेली, तिथून त्याच्या कानांवर, आणि तिथून पुन्हा त्याच्या डोळ्यांवर. पुढचं वाक्य ती ओठ नीट उघडून, सावकाश बोलली. "गाडी इथेच ठेवून जा. आज चालवू नका."

तिचं नाव हेमांगी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आयटीआय केलेली. स्कूटरच्या वायरिंगचं तिचं छोटं दुकान होतं. वडलांच्या होडीवरचा वायरलेस आणि मासे शोधायचं यंत्र खोलून जोडूनच ती हे काम शिकली होती.

गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी, इमारतीच्या सहाव्या मजल्यावर धोंडूचं घर होतं. त्या दिवशी तो पायी घरी आला आणि बायकोपासून लपवण्यासारखं काही राहिलं नाही. रुक्मिणीनं त्याला पाणी दिलं, समोर बसली आणि त्याला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "ईकून टाक ती गाडी."

"माका काय झाला नाय."

"आज नाय झाला. उद्या होतला. प्रीतमपण तसाच सांगता." प्रीतम त्यांचा मुलगा, मुलुंडला राहायचा. "दात पोचवूक बसगाडयेन जा. नायतर काम सोड."

धोंडूनं मान फिरवली. मान फिरवली की संभाषण संपायचं. बहिऱ्या माणसाची ही एक सोय असते. पण खिडकीतून खाली बघताना, पार्किंगमधली स्कूटरची रिकामी जागा दिसली.

दोन दिवसांनी तो दुकानात गेला तेव्हा हेमांगीनं पुढचं चाक खोललं होतं. जुनी केबल ज्या दातेरी चक्रात बसायची ते चक्र झिजून गुळगुळीत झालं होतं. त्या मॉडेलचा तो भाग आता बाजारात कुठेच मिळत नव्हता.

"केबल विसरा," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉनिक मीटर लावू. कानाला नाही ऐकू येत ना, मग डोळ्याला दिसू दे."

तिनं तळहातावर दोन वस्तू धरल्या. एक वाटाण्याएवढं लोहचुंबक आणि पेनाच्या टोपणासारखा काळा सेन्सर, त्याला लांबलचक वायर. चुंबक चाकावर चिकटणार, सेन्सर शेजारच्या फोर्कवर बसणार. चाक फिरलं की चुंबक दर फेऱ्याला सेन्सरच्या समोरून जाणार, आणि सेन्सर मीटरला सांगणार: एक फेरा झाला, आणखी एक झाला.

"म्हणजे तो हात लावत नाय चाकाला?" धोंडूनं विचारलं.

"नाही. नुसतं जवळून जायचं. काडेपेटीतली काडी मावेल एवढीच फट ठेवायची. त्याला कळतं."

नुसतं जवळून गेलेलं कळतं, हे धोंडूला फार आवडलं. हेमांगीनं चुंबक चिकटवलं, सेन्सर कसला, वायर फोर्कवरून वर घेऊन, जास्तीची लांबी सीटखाली कोंबून, मीटरपर्यंत आणली. मग टायरवरून टेप फिरवून घेर मोजला, एकशे पस्तीस सेंटिमीटर, आणि तो आकडा मीटरमध्ये भरला. जुन्या काट्याच्या जागी एक छोटी चौकोनी काच बसली होती. तिनं किक मारली.

काचेत ऐंशी उमटलं. मग एकशे दहा. मग चोवीस, मग पुन्हा नव्वद. गाडी स्टँडवर होती. चाक तसूभरही हललं नव्हतं.

धोंडू बघतच राहिला. उभ्या जागी स्कूटर नव्वदनं पळत होती. त्याला क्षणभर वाटलं, हेच खरं असेल. आपण उभे आहोत असं आपल्याला वाटतं, आणि आतून काहीतरी भन्नाट वेगानं निघालेलं असतं. गिरणी, पूर्वीची चाळ, लग्नातला रुक्मिणीचा हिरवा शालू, सगळं असंच गेलं होतं, आपण स्टँडवर असताना.

"वाट लागली!" हेमांगी म्हणाली, ते त्यानं स्पष्ट वाचलं. तिनं गाडी बंद केली, सीट उचलली आणि कपाळावर हात मारला. सेन्सरची वायर तिनं प्लगच्या जाड वायरीला खेटून नेली होती. प्लगमध्ये ठिणगी पडली की या वायरीलाही झटका बसत होता, आणि बिचारं मीटर प्रत्येक ठिणगीला चाकाचा फेरा समजत होतं. तिनं वायर काढली, गाडीच्या दुसऱ्या अंगानं फिरवून घेतली, पट्ट्यांनी बांधली. पुन्हा किक मारली. इंजिन थडथडलं, आणि काचेत शून्य शांत बसून राहिलं.

"आता खरं बोलतंय का ते बघायला पाहिजे," ती म्हणाली. "इथे ट्रॅफिकमध्ये नाही जमणार. रविवारी मढला येता? सकाळी रस्ता मोकळा असतो. आणि काका, काकूंना घेऊन या. तुम्ही दोघं बसता ना गाडीवर? मग दोघांच्या वजनावरच मोजायला हवं."

रुक्मिणी आधी नाहीच म्हणाली. "मी येवचंय नाय. हयसर जीव टांगणीक लागलो हा, आणि तू माका मढाक नेतंस?" पण रविवारी सकाळी ती जांभळी साडी नेसून तयार होती. नवरा एकटा जाण्यापेक्षा आपण मागे बसलेलं बरं, असं काहीतरी ती दाराला कुलूप लावताना पुटपुटली. तिची पाठ त्याच्याकडे होती, म्हणून ते त्याला कळलं नाही.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट निघाली. लोकांच्या पायांशी दोन्ही स्कूटर उभ्या, धोंडूची आणि हेमांगीची. हवेत धुकं होतं, खाडीचं पाणी दुधाळ. मढचा किनारा समोर असूनही नसल्यासारखा दिसत होता. बोटीचं इंजिन धडधडत असणार. धोंडूला ते तळपायांतून कळत होतं, कानांतून नाही. एक बगळा बोटीच्या बाजूनं उडत राहिला आणि पंख न हलवता पलीकडे पोचला.

मढचा रस्ता खरंच मोकळा होता. हेमांगीनं वडलांच्या होडीवरचा जीपीएस आपल्या हँडलला रबरानं बांधला होता. "मी चाळीसवर गाडी धरते," तिनं समजावलं. "तुम्ही माझ्या बरोबरीनं या. मी हात वर केला की काचेतला आकडा ओरडून सांगा."

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी निघाल्या. एका बाजूला माडाची झाडं, दुसऱ्या बाजूला झाडांच्या फटींतून चमकणारं पाणी. धोंडूच्या कमरेला रुक्मिणीचा हात घट्ट होता. हेमांगीनं हात वर केला.

"बेचाळीस!" धोंडू ओरडला. केवढ्यानं ओरडला ते त्याला कळलं नाही. कुंपणावरचे कावळे मात्र एकदम उडाले.

पुन्हा हात. "बेचाळीस!" तिसऱ्यांदाही तेच.

हेमांगीनं गाड्या कडेला घ्यायला लावल्या. "चाळीसला बेचाळीस दाखवतंय. माझीच चूक. दुकानात मी मोकळ्या टायरवरून टेप फिरवला. माणसं बसली की टायर दबतो ना, मग एका फेऱ्यात चाक कमी चालतं."

रस्त्यालगत जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याकडून तिनं तंबाखूचा चुना मागून घेतला. टायरवर खालच्या अंगाला चुन्याचा ओला ठिपका लावला. धोंडू आणि रुक्मिणी दोघं गाडीवर बसली. इंजिन बंद. हेमांगी मागून ढकलत होती, धोंडू पायांनी तोल सांभाळत होता, आणि स्कूटर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकली. चाकानं जमिनीवर एक पांढरा ठिपका ठेवला. टायरवरची खूण सावकाश फिरून वर गेली, खाली आली, आणि पुढे दुसरा ठिपका उमटला.

म्हातारा जाळं बाजूला ठेवून बघायला आला. रुक्मिणीही उतरून वाकली. काळ्या डांबरावर दोन पांढरे ठिपके. हेमांगीनं टेप लावला. एकशे एकोणतीस.

"एवढाच गो?" रुक्मिणीनं विचारलं. "आम्ही दोघा बसली की चाक एवढाच जाता?"

"एवढंच, काकू. बाकीचं सगळं यावरून."

दोन ठिपक्यांमधल्या त्या तीन हात जागेकडे रुक्मिणी बराच वेळ बघत राहिली. ती काय विचार करत होती ते धोंडूला तेव्हा कळलं नाही. तिनं तोंड उघडलं नव्हतं.

नवीन आकडा मीटरमध्ये गेला. पुढच्या खेपेला हेमांगीनं हात वर केला तेव्हा काचेत चाळीस होतं. तिनं अंगठा दाखवला. "आता तीसवर जरा लांब चालवा. बोंबलांच्या मैदानापर्यंत. मी पुढे जाऊन थांबते," असं म्हणून ती भर्रकन निघून गेली.

धोंडू आणि रुक्मिणी दोघंच राहिली. धोंडूनं तीस पकडली. काचेतला आकडा तीसवरून एकोणतीसवर यायचा, पुन्हा तीसवर. पूर्वी इंजिन ज्या सुरात गुणगुणायचं तो सूर त्याला आठवला, आणि आठवणीतला सूर आणि काचेतला आकडा एकमेकांवर बरोबर बसले. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. धुकं विरलं होतं. माडांच्या सावल्या एकामागून एक त्याच्या अंगावरून निघून जात होत्या.

रस्ता थोडा खडबडीत होता. डाव्या आरशाचा नट सैल असावा. हादरे बसून बसून आरसा हळूहळू आत वळला, आणि त्यात मागच्या रस्त्याऐवजी रुक्मिणीचा चेहरा आला.

ती बोलत होती.

तिचे ओठ सारखे हलत होते. वाऱ्यानं केस उडत होते, डोळे समुद्राकडे, आणि ती त्याच्या पाठीशी बोलत होती, एखाद्या सवयीच्या माणसाशी बोलावं तसं. धोंडूला आधी वाटलं, काहीतरी सांगतेय. मग लक्षात आलं, तिला उत्तर नकोच आहे. त्याला ऐकू येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. किती दिवसांपासून ती अशी मागे बसून बोलत असेल!

रस्ता सरळ होता. त्यानं वेग आणखी कमी केला आणि अधूनमधून आरशात बघायला लागला. साचेखात्यात अर्धे शब्द ओठांवरून मिळायचे, अर्धे आपले आपण भरायचे असत. त्यानं तेच केलं.

"...बरा वाटता," ती म्हणत होती. मग एक झाड आलं, सावली गेली. "...तोंडार ईक म्हणतंय... आणि खरोखरच ईकशीत की काय..." त्यानं रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा आरशात. "...दोन दिस घास उतरलो नाय." मग ती हसली, स्वतःशीच, तोंडावर पदर धरून. पदर बाजूला झाला तेव्हा मिळालं ते असं: "...पार्किंगात... चावी नव्हती... तरी बसलंय हँडल धरून. कोण बघणारा नव्हता."

धोंडूनं ब्रेक लावला. बावीस, पंधरा, सात, शून्य. गाडी माडाखाली उभी राहिली.

रुक्मिणी उतरली, घाबरून त्याच्यासमोर आली. "काय झाला? कित्याक थांबलंस?"

त्यानं हेल्मेट काढलं. तिच्याकडे बघताना त्याला उगाचच लाजल्यासारखं झालं. "तुका चालवूची हा गाडी?"

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तू आयकलंस?"

"बघलंय." त्यानं आरशाकडे बोट दाखवलं.

तिनं आरशात वाकून पाहिलं. तिला तिचाच चेहरा दिसला. मग तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात. "लबाड! कितका बघलंस?"

"अर्धाच."

"कुठला अर्धा?"

त्यानं हँडलवर थाप मारली. एका सायकलवाल्यानं पाव घेऊन जाताना दोघांकडे वळून पाहिलं. मग रुक्मिणी, जमिनीकडे बघत पण ओठ त्याला दिसतील अशा बेतानं, म्हणाली, "माका ह्या वयात कोण शिकवतला? प्रीतमाक सांगलंय असता तर हसलो असतो."

"बस मागे," धोंडू म्हणाला. "मैदान येता हा फुडे."

मैदानावर बांबूच्या वलांड्या, म्हणजे वाळवणाच्या आडव्या काठ्या, बांधलेल्या होत्या, आणि त्यांवर हजारो बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत होते. उन्हात ते चांदीच्या तोरणासारखे हलत होते. पलीकडे मोकळी सपाट जमीन, आणि तिच्या पलीकडे ओहोटीनं उघडी पडलेली वाळू. हेमांगी आपल्या स्कूटरला टेकून उभी होती. धोंडूनं तिला काय ते सांगितलं.

हेमांगीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "काकू! झकास! सायकल येते?"

"गावाक चालवी होतंय. लग्नाच्या आधी."

"मग काय नाय. बसा."

पहिल्या वेळी रुक्मिणीनं मूठ पिळली आणि स्कूटरनं अशी उडी मारली की हेमांगीला मागची पट्टी धरून पळावं लागलं. दुसऱ्या वेळी ती पाय जमिनीवर घासत, साडी खोचून, पन्नास पावलं गेली. तिसऱ्या वेळी पाय उचलले. कुणी काही सांगितलं नव्हतं, तिचे तिनेच उचलले.

ती वळून आली तेव्हा तिचे डोळे विस्फारलेले होते, पण तक्रार वेगळीच होती. "अगो, ह्या तुझा मीटर झोपला! मी एवढी चललंय आणि शून्य!"

हेमांगीनं वाकून पाहिलं, मग डोकं खाजवलं. "एकच चुंबक आहे ना. तुम्ही एवढ्या हळू चालवता की एका फेऱ्यानंतर दुसरा फेरा यायला उशीर होतो. त्याला वाटतं गाडी थांबली." तिच्या खिशात आणखी एक चुंबक होतं. चाकावर पहिल्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला, तिनं ते बसवलं, सेन्सरसमोरची फट नखानं तपासली आणि मीटरला सांगितलं, आता एका फेऱ्यात दोनदा खूण येईल. "आता बघा. अर्ध्या फेऱ्यातच कळेल त्याला."

"काचेत बघूक गेलंय तर पडतलंय," रुक्मिणी म्हणाली.

"तू रस्त्याक बघ," धोंडू म्हणाला. "मी आकडो सांगतंय." आणि तो तिच्या मागे बसला.

आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या गाडीवर मागे बसला होता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते तिच्या खांद्यांवर ठेवले. खांदे कडक झाले होते, आणि त्यांतून इंजिनाची थरथर त्याच्या बोटांत येत होती. स्कूटर निघाली.

"चार," तो तिच्या कानाशी म्हणाला. "सहा. सात. सात. नव."

बोंबलांची रांग बाजूनं सरकायला लागली. तिचे खांदे हळूहळू सैल झाले. अकरा, तो म्हणाला. आपण मोठ्यानं बोलतोय की पुटपुटतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण प्रत्येक आकड्याला तिची मान किंचित हलायची, म्हणजे पोचत होतं. मैदान संपलं. तिथे वळायचं ठरलं होतं. ती वळली नाही. चाक ओल्या, कठीण वाळूवर उतरलं आणि हादरे एकदम थांबले, जसं काही कुणी खाली गादी अंथरली.

समोर नुसता उजेड होता. पाणी कुठे सुरू होतं आणि आकाश कुठे, ते सांगता येत नव्हतं. वाळूवरचे छोटे पांढरे पक्षी स्कूटरपुढे धावायचे, थोडे उडायचे, पुन्हा धावायचे. धोंडूला वाटलं, हा आवाज नसलेला जो प्रदेश आहे, ज्यात आपण इतके दिवस एकटेच फिरत होतो, त्यात ही शिरलीय, आणि गाडी तीच चालवतेय.

"तेरा," तो म्हणाला. "चौदा."

त्यानं मागे वळून पाहिलं. मैदानाच्या कडेला हेमांगी दोन्ही हात हलवत होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. एवढ्या लांबून ओठ वाचता येत नव्हते.

"हेमांगी काय म्हणता?" त्यानं विचारलं.

रुक्मिणीनं मान वळवली, अगदी थोडी, त्याला गाल आणि ओठांची कड दिसेल इतकीच.

"काय नाय," ती म्हणाली. "आकडो सांग."

"पंधरा," धोंडू म्हणाला.